पडीत राखण्याचं भाडं

अमेरिकेतल्या आयोवात एखादा शेतकरी मका-सोयाबीनचं रान दहा वर्षं पेरत नाही आणि सरकार दर वर्षी, ऑक्टोबर लागला की, त्याला भाडं देतं. आपल्याकडे हे ऐकल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: मग हे काहीच न करण्याचे पैसे का? १९८५च्या शेती कायद्यातून आलेल्या सीआरपीचा, म्हणजे 'कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्राम' या जमीन-संवर्धन योजनेचा करार वाचला तर उत्तर उलटं निघतं. दहा ते पंधरा वर्षांच्या त्या करारात पैसे मिळतात ते ठरलेलं आच्छादन, म्हणजे जमीन झाकणारं गवत किंवा झाडं, उभं करून टिकवण्याचे. सातबाऱ्यावर 'पडीत' लागलेलं रान डोळ्यांपुढे आणू नका.

अर्ज काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, फार्म सर्व्हिस एजन्सी या सरकारी शेती खात्याच्या कचेरीत होतो. २०१८च्या शेती कायद्याने अट घातली की २०१२ ते २०१७ या सहापैकी चार वर्षं त्या जमिनीत पीक घेतलेलं हवं. कमाल भाडं मातीच्या प्रकारावरून ठरतं, आणि सर्वसाधारण नोंदणीत, म्हणजे अर्जांची स्पर्धा लावून होणाऱ्या निवडीत, ते काउंटीच्या सरासरी कोरडवाहू खंडाच्या ८५ टक्क्यांवर बांधलेलं असतं. अर्जांना गुण असतात: वन्यजीव, पाणी, धूप, हवा आणि खर्च. कमालीपेक्षा कमी भाडं मागितलं तर गुण वाढतात. जेमतेम गुण मिळणाऱ्या जमिनीला पूर्ण दर मागणारा इथेच मागे पडतो.

खरी कसोटी पेरणीची. गवत उभं करायचा निम्म्यापर्यंत खर्च सरकार देतं, पण देशी गवताचं बी हलकं आणि केसाळ. साध्या पेरणीयंत्राच्या नळीत ते अडकतं, म्हणून ढवळणी असलेली वेगळी पेटी लागते. खोली पाव इंच, फार तर अर्धा. भुसभुशीत रानात बी खोल जातं आणि उगवतच नाही; बुटाची टाच जेमतेम रुतेल इतकी जमीन घट्ट हवी. पहिल्या वर्षी वर दिसतं ते तणच, कारण गवत मुळं धरत असतं. पेरा फसला म्हणून रान नांगरू नये. तण सहा-आठ इंचांवर छाटावं, म्हणजे खालच्या रोपांना ऊन मिळतं.

बी मात्र तपासूनच घ्यावं. २०१६मध्ये आयोवात अशाच लागवडींच्या बियाण्यातून पामर अ‍ॅमरँथ शिरलं. ते आपल्या राजगिऱ्याच्या कुळातलं, पण बऱ्याच तणनाशकांना दाद न देणारं तण. धूप थांबवायला घेतलेल्या बियाण्यातूनच शेजारच्या सोयाबीनचा वैरी आला!

काउंटीतली साधारण २५ टक्क्यांहून जास्त पिकाऊ जमीन यात घेता येत नाही. रान पेरलंच नाही तर खतवाला, बी-बियाणंवाला, धान्याच्या कोठाराचा मालक यांनी जगायचं कशावर? एका व्यक्तीला वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर भाडं मिळत नाही.

मक्याचा भाव चढला की करार मोडायचा मोह होतो. पण मुदतीआधी बाहेर पडणाऱ्याला आजवरचं सगळं भाडं आणि लागवडीची मदत व्याजासकट परत करावी लागते, वर एका वर्षाच्या भाड्याच्या २५ टक्के भरपाई. आठव्या वर्षी हा हिशेब मांडला तर मक्याचा चढलेला भाव त्यापुढे किरकोळ ठरतो.