तिखटाचा डबा आणि काल्डर करंडक

राजेहो, बर्फावरची हॉकी म्हटल्याबरोबर मागचे पोट्टे हसले, ते मी पाहिलं. हसा. आपल्याकडं मे महिन्यात बर्फ दिसतो तो लग्नात, पाण्याच्या पिंपात तरंगणारी लादी. त्यावर माणसं धावतात हे मलाही पटता पटलं नव्हतं.

विषय बर्फावरच्या हॉकीचे दोन खेळाडू, क्रॉस्बी आणि ओवेच्किन. २००५-०६ च्या मोसमात दोघं एकदमच एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या बर्फ-हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये उतरले, अन् नवख्यासाठीचा काल्डर करंडक एकच. पण आधी एका स्टीलच्या डब्याचं सांगतो. अध्यक्षसाहेब, पाचच मिनिटं.

आमच्या शाळेत स्टिका तीन. बाकीच्यांनी बाभळीची वाकडी फांदी विळ्यानं तासायची. मैदान म्हणजे कपाशी निघालेलं वावर. चेंडू भेगेत गेला की पंच शिट्टी मारायचे अन् दोन्ही संघ उकिडवे बसून काडीनं तो उकरायचे. तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या सेंटर फॉरवर्डनं पाच गोल मारले. त्यातल्या चारांचे पास माझे. 'होतकरू खेळाडू' म्हणून झाकणाचा डबा गेला त्याला. पास कोणी दिले, हे कोणत्याच वहीत नव्हतं. काहून नव्हतं? आज त्या डब्यात त्याच्या घरचं तिखट असते. जेवायला गेलो की वहिनी झाकण उघडतात अन् मला ठसका लागतो. त्यांना वाटते, तिखटानंच.

म्हणून मला एनएचएलची वही आवडते. गोल मारणाऱ्याला एक गुण, अन् त्याआधी पास देणाऱ्या दोघांपर्यंत प्रत्येकाला तेवढाच एक. काय म्हणता भाऊ? तरी पाचाला चारच? बसा खाली.

चिठ्ठी आली. भजनी मंडळ खोळंबलंय. बरं, भरभर.

वॉशिंग्टनचा ओवेच्किन: ८१ सामने, ५२ गोल, ५४ पास, १०६ गुण. पिट्सबर्गचा क्रॉस्बी: तेवढेच सामने, ३९ गोल, ६३ पास, १०२ गुण. माझ्या लाडक्या वहीनंही पासवाल्याला चारानं मागंच ठेवलं! पण वय पाहा. ओवेच्किन वीस वर्षांचा, मॉस्कोत बाप्यांमध्ये खेळून आलेला. वॉशिंग्टननं त्याला निवडलं २००४ लाच, पण मालक-खेळाडूंच्या भांडणात पुढचा अख्खा मोसम बुडाला. क्रॉस्बी अठराचा, पोरांच्या लीगमधून थेट आलेला, अन् शंभर गुण गाठणारा सर्वांत लहान. नियमानं दोघंही नवखेच. लीगमध्ये नवा अन् सव्विसाच्या आतला कोणीही चालतो. ही अटही कधी आली, तर १९९० मध्ये एकतीस वर्षांचा सोव्हिएत खेळाडू मकारोव्ह करंडक घेऊन गेल्यावर.

त्यात १६ जानेवारी २००६ ला फिनिक्सविरुद्ध ओवेच्किननं पाठीवर पडल्या पडल्या, घसरत गोल केला. मतं हॉकीवर लिहिणाऱ्या पत्रकारांची. ते असा गोल विसरतील? करंडक ओवेच्किनलाच गेला. माझं मत असतं तर क्रॉस्बीला. अन् संघ म्हणाल, तर दोघांचेही बाद फेरीपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. हो हो, उतरतो. टाळ वाजवू नका अजून.