अडसर निघाला, तरी दार उघडत नाही

नमस्कार श्रोतेहो. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूपुढे ग्लुकोज आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, एकदमच ठेवली तर तो आधी ग्लुकोज फस्त करतो. मग वाढ थोडा वेळ थबकते आणि त्यानंतर लॅक्टोजची पाळी येते. लॅक्टोज समोर आलं की रिप्रेसर हे जनुक अडवून धरणारं प्रथिन डीएनएवरून सुटतं आणि लॅक्टोज पचवणारी 'लॅक' जनुकं चालू होतात, असं आपण कॉलेजात शिकतो. ते अर्धंच खरं. अडसर निघाला, तरी दार घट्टच असतं.

घट्ट का? जनुकाची आरएनए नक्कल काढणारा पॉलिमरेज डीएनएवर दोन खुणा शोधतो. नक्कल सुरू होते तिथून साधारण ३५ आणि १० अक्षरं अलीकडे; अक्षरं म्हणजे डीएनएचे ए, टी, जी, सी हे चार घटक. दहाच्या ठिकाणी त्याला आवडते 'टीएटीएएटी'. लॅक जनुकांपुढे आहे 'टीएटीजीटीटी'. सहातली दोन अक्षरं चुकलेली, त्यामुळे पॉलिमरेज तिथे नीट टिकत नाही.

इथे कॅप हे प्रथिन कामाला येतं. २०९ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्यांची ही जोडी. ग्लुकोज संपत आलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू वाढतो आणि कॅपला चिकटतो. तेव्हा कॅपच्या दोन सर्पिल पट्ट्या अशा वळतात, की डीएनएच्या लागोपाठच्या दोन मोठ्या खोबणींत अचूक बसाव्यात.

कॅप डीएनएवर कोणती खूण शोधतो? कागद जवळ असेल तर लिहा: टीजीटीजीए, मग कोणतीही सहा अक्षरं, मग टीसीएसीए. समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचलं तरी हेच येतं. जोडीतला प्रत्येक भाऊ आपापलं अर्ध वाचतो. प्रत्यक्ष लॅकमध्ये शेवटचं अक्षर 'ए' नसून 'टी' आहे. तेवढं चालून जातं. कॅप बसला की डीएनए जवळजवळ काटकोनात वाकतो.

पण खरी मदत वाकण्यापेक्षा शेजाराची. कॅप पॉलिमरेजच्या अल्फा या घटकाच्या टोकाला हात देतो आणि त्याला जागेवर धरून ठेवतो. म्हणून अंतर नेमकं लागतं: कॅपच्या जागेचा मध्य नक्कल सुरू होते तिथून ६१.५ अक्षरं अलीकडे. डीएनएचा एक वेढा साधारण साडेदहा अक्षरांचा. मधे पाच अक्षरं घुसवली तर कॅप डीएनएच्या दोरीच्या पाठीमागे जातो आणि जनुक मंदावतं. दहा-अकरा घुसवली तर तो पुन्हा त्याच बाजूला येतो आणि काम बरंचसं परत सुरू होतं.

प्रयोगशाळेत हे जेलवर, म्हणजे विजेने रेणू ज्यातून सरकवतात त्या थरावर, बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कॅप, डीएनए, सगळं घालूनही वर सरकलेला पट्टा, म्हणजे कॅप बसल्यामुळे मागे राहिलेला डीएनए, दिसत नाही? बहुतेक वेळा सायक्लिक एएमपी फक्त नमुन्यातच घातलेलं असतं. वीज चालू झाली की हा छोटा रेणू प्रथिनापासून वेगळा पडतो आणि कॅप डीएनए सोडून देतो. म्हणून सायक्लिक एएमपी जेलमध्येही घाला आणि टाकीतल्या बफर द्रावणामध्येही.