हा पत्ता कोणाचा?

राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली आहे. फोन, लॅपटॉप, प्रिंटर नावावरून ओळखू येतात. एका ओळीला मात्र नावच नाही. आहे तो फक्त १९२.१६८.१.२३ हा आकडा आणि त्याच्या शेजारी बारा अंक-अक्षरांची माळ.

आकडा म्हणजे आयपी पत्ता. तो राउटर मुदतीवर देतो, त्यामुळे आज प्रिंटरकडे असलेला पत्ता पुढे टीव्हीकडेही जाऊ शकतो. नुसत्या आयपीवरून उपकरण ओळखायला गेलात, तर फसाल.

माळ म्हणजे मॅक पत्ता. ४८ बिटांचा, नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेला. त्यातली पहिली सहा अक्षरं सहसा बनवणाऱ्या कंपनीची असतात. त्यांचं वाटप आयईईई ही संस्था करते आणि ती यादी कोणालाही पाहता येते.

पण आयपीवरून मॅक कळतो कसा? त्यासाठी एआरपी हा प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी आपसात बोलण्याचा ठरलेला नियम आहे, डेव्हिड प्लमर यांनी १९८२ साली मांडलेला. पद्धत अगदी सरळ: नेटवर्कभर विचारायचं, 'हा आयपी कोणाकडे आहे?' प्रश्न सगळ्यांना जातो, ज्याचा पत्ता तो उत्तर देतो. पिंग केल्यावर, म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवल्यावर, फायरवॉलमुळे (नको ते संदेश अडवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) गप्प बसणारं उपकरणही इथे सहसा बोलतं. न बोलून सांगतं कोणाला? मॅक कळला नाही, तर त्याच्यापर्यंत काही पोहोचणारच नाही. म्हणून स्थानिक नेटवर्क तपासताना पिंगपेक्षा एआरपी स्कॅन (एकेका आयपीसाठी हाच प्रश्न विचारत जाणं) भरवशाचा. त्यातही एक खोट आहेच: उत्तर खरं की खोटं, हे एआरपी तपासत नाही.

आता आपली निनावी ओळ. मॅकमधलं दुसरं अक्षर पाहा. ते २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यातला नाही, सॉफ्टवेअरने ठरवलेला आहे. कंपनीच्या यादीत तो शोधण्यात अर्थ नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन माग काढता येऊ नये म्हणून वायफायवर असाच बनावट पत्ता दाखवतात. चांगलीच सोय आहे, फक्त नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या डोक्याला ताप.

अशा वेळी एकेका उपकरणाचं वायफाय बंद करायचं आणि दर वेळी नव्याने स्कॅन करायचा. जे बंद केल्यावर ती ओळ गायब होते, तेच आपलं निनावी उपकरण. राउटरच्या यादीवर विसंबू नका. गेलेलं उपकरण ती बराच वेळ दाखवत राहते.