उसवता आलं पाहिजे

(इंदूरमध्ये मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बोलायला लागण्याआधी हे दुपटं पुढच्या रांगेत देते. हातात घ्या, गालाला लावून बघा, मग मागे सरकवा. माझ्या सासूबाईंच्या सुती लुगड्याचं आहे. माझी दोन्ही मुलं यातच गुंडाळली गेली. आपल्याकडे बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागतं ते जुनं. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं. वर्षानुवर्षं धुतलेल्या लुगड्याची खळ निघून गेलेली असते, सूत मोकळं झालेलं असतं, आणि ओल ते लगेच पिऊन घेतं. ज्या बायकांनी हे ठरवलं त्यांना कापड कळत होतं.

मला आज बोलायचंय ते टाकाऊ सामानातून अंगावर घालायची कला घडवण्याबद्दल. या कामात मी जे शिकले त्यातलं बरंचसं एका चुकीतून शिकले, म्हणून ती चूकच आधी सांगते.

सहा-सात वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी मी एक झगा केला होता. इंदुरात शेवेशिवाय घर नाही, तेव्हा सामान उघडच होतं: शेवेची, चिवड्याची रिकामी पाकिटं. दोन महिने सगळ्या गल्लीनं माझ्यासाठी पाकिटं साठवली. धुऊन, पुसून, आतली चंदेरी बाजू वर करून मी त्यांचे पानांसारखे तुकडे कापले आणि ग्लू गननं जाळीच्या कापडावर एकेक चिकटवले. दिसायला तो झगा फार सुंदर होता, हे मी आजही म्हणेन. दिवे पडले की मासळीच्या खवल्यांसारखा चमकायचा. पण मे महिना होता. गाडी उन्हात उभी होती, आत गोंद मऊ पडला आणि पानं घसरली. जिनं तो घातला त्या मुलीला खाली बसता येईना. पाकिटांच्या कडांनी तिच्या मानेवर लाल रेघा उठल्या. कार्यक्रम संपल्यावर तिनं झगा उतरवला तेव्हा आतून ती घामानं निथळत होती. तिनं तक्रार केली नाही. ते मला जास्त लागलं.

खरी गोष्ट त्यानंतरची. आठवड्यानं सकाळी कचऱ्याची गाडी दारात आली तेव्हा मी तो मोडका झगा घेऊन फाटकाशी गेले. गाडीवरच्या मुलानं तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, "दीदी, ये किसमें जाएगा?"

आपल्या गाडीला कप्पे असतात हे तुम्हाला सांगायला नको. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक, असा सहा प्रकारे कचरा इथे वेगळा होतो. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सलग पहिलं येत राहिलं, त्यामागे दारोदारी होणारं हे वेगळं करणं आहे. आणि ज्या झग्याला मी भर सभेत 'पर्यावरणपूरक' म्हटलं होतं, त्याला या सहांतला एकही कप्पा चालत नव्हता. कापड म्हणून सुक्यात टाकावं तर प्लास्टिक चिकटलेलं. प्लास्टिकमध्ये टाकावं तर कापड आणि गोंद. मुळात ते पाकीटच प्लास्टिकचे थर आणि त्यांवर अॅल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा एकत्र करून बनतं. थर वेगळे करणं इतकं अवघड की भंगारवालाही ते घेत नाही. आधीच न सुटणारी वस्तू मी घेतली आणि तिला आणखी न सुटणारी करून ठेवली. त्या मुलाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून मी काहीही जोडण्याआधी ते उसवणार कसं, ते बघते.

आपल्या भाषेत उसवणं म्हणजे बिघडणं. शिवण उसवली म्हणजे नुकसान झालं. पण ज्या घरात कापड मोजून-मापून वापरलं जायचं तिथे उसवणं हे रीतसर काम होतं. नऊवारी आधी विरते ती बसण्याच्या जागी, कासोट्याच्या बाजूला. काठ आणि पदर मजबूतच राहतात. मग विरलेला मधला भाग कापून काढायचा आणि धड असलेले दोन तुकडे जोडायचे, त्याला दांड घालणं म्हणायचे. ते लुगडंही विरलं की दांड उसवायची, चांगल्या भागाचं परकर-पोलकं करायचं, उरलेलं वाकळीत. वाकळीला फक्त धावदोरा. गोंद नाही, मशीनची टीप नाही. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात तीही अशीच, कडेकडून सुरुवात करत मध्याकडे येत, धावदोऱ्यानं. एखादं ठिगळ फाटलं तर त्यावर दुसरं बसतं. माझ्या आजीच्या वाकळीतून मी एकदा चार थर काढले. सगळ्यात आतला थर हिरव्या इरकलीचा निघाला, रंगासकट. तो आता माझ्या एका जाकिटाचा खांदा आहे. गोंद असता तर तो मला कधी सापडला नसता.

अंगावर घालायच्या कलेचा जगभर मोठा संसार आहे. न्यूझीलंडमध्ये नेल्सनला १९८७ मध्ये सुझी मॉनक्रीफ या शिल्पकार बाईंनी यासाठी एक स्पर्धा सुरू केली. पुढे ती वेलिंग्टनला गेली. तिथे कशाकशाचे पोशाख होतात त्याला गणती नाही. त्या कामांची छायाचित्रं जरूर बघा, पण एकदा डोळे दिपले की जोड कुठे आणि कसा आहे ते शोधायला लागा.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते एल अनात्सुई यांनी, आणि त्यांचं काम तर अंगावर घालायचंही नाही. घानात जन्मलेले, नायजेरियात काम केलेले शिल्पकार. दारूच्या बाटल्यांची बुचं आणि त्यांच्या गळ्याच्या पत्र्याच्या पट्ट्या ते चपट्या करतात, भोकं पाडतात आणि तांब्याच्या तारेनं एकमेकींना जोडतात. त्यातून भिंतभर, राजवस्त्रासारखा पडदा तयार होतो. पत्रा असूनही तो कापडासारखा घडी घालून नेता येतो आणि दर वेळी वेगळा टांगता येतो. ही सगळी करामत त्या तारेची. तार सैल आहे म्हणून पत्र्याला झोळ येतो, आणि तार सुटते म्हणून पत्रा पुन्हा पत्रा होऊ शकतो. याउलट चंदीगडचे नेकचंद. त्यांनी फुटक्या बांगड्यांचे पोशाख केलेल्या बाहुल्या आपल्यापैकी कितीतरी जणांनी रॉक गार्डनमध्ये बघितल्या असतील. ते काम थोर आहे, पण काचा सिमेंटमध्ये कायमच्या बसल्या आहेत. पुतळ्याला ते चालतं, कारण पुतळा श्वास घेत नाही आणि हात वर करत नाही.

माणूस हे दोन्ही करतो. शिवाय त्याला घाम येतो. म्हणून कोणतं सामान घ्यायचं याच्या इतकंच कोणतं नाही घ्यायचं हे महत्त्वाचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली उत्साहानं निवडणुकीचे, वाढदिवसाचे फ्लेक्स घेऊन येतात. पिशव्या शिवायला ठीक आहे, शिवा. पण त्यावर इस्त्री फिरवू नका, ते वितळवू नका. फ्लेक्सवर पीव्हीसी नावाचं प्लास्टिक असतं आणि तापलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. बंद खोलीत ती छातीत जाते. संगणकाच्या जुन्या सर्किटचे तुकडे कानातल्यांसाठी फार मोहक दिसतात. पण जुन्या सोल्डरमध्ये, म्हणजे भाग जोडायच्या धातूत, कथलाबरोबर शिसं असायचं, नेहमीच्या प्रकारात ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं. ते त्वचेला लागू देऊ नका, आणि लहान मूल कडेवर घेणाऱ्या बाईच्या गळ्यात तर मुळीच नको. मूल हातात येईल ते तोंडात घालतं.

दुकानात 'बाटल्यांपासून बनवलेलं' अशी चिठ्ठी लावलेलं पॉलिएस्टर मिळतं. त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचं कापड झालं, त्यात सूत किंवा इलॅस्टिक मिसळलं, की परतीची वाट जवळजवळ बंद होते. धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात ते वेगळंच. ज्याला ते वापरायचंय त्यानं वापरावं, पण पुण्य केल्यासारखं विकू नये.

म्हणून आमच्याकडे पहिला धडा जाळून बघण्याचा. कापडाचे चार दोरे काढायचे, चिमट्यात धरायचे, खाली पाण्याची वाटी. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राखाडी राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, काळा मणी बोटानं चुरतो. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि मणी कडक, चुरता चुरत नाही. मिश्र कापड दोन्हीची लक्षणं दाखवतं. दुसरा धडा उजेडाचा: कापड खिडकीशी धरा, उभं-आडवं हलकेच ताणा. जिथून प्रकाश जास्त येतो तिथे ठिगळाचा आधार हवा.

जरीची गोष्ट जरा वेगळी, आणि दुःखाचीही. खरी जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. म्हणून जुन्या शालूला वजनावर गिऱ्हाईक मिळतं. तो जाळतात आणि चांदी काढून घेतात. हाही पुनर्वापरच. पण विणकराचे कित्येक दिवस त्या आगीत जातात. तुमच्या कपाटात असा शालू असेल तर विकण्याआधी निदान काठ कापून ठेवा. काठ ही आधीच पूर्ण झालेली कलाकृती असते. तुमच्या समोर दिसतोय तो हार तीन शालूंच्या काठांचा आहे. काठांची सुरळी करून सुती दोरीवर ओवली आहे, मागे नाडी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ७० ग्रॅम भरतो. गळ्यातली वस्तू दीडशे ग्रॅमच्या वर गेली की बाई तासाभरात ती काढून पर्समध्ये टाकते, असं मी बघत आले आहे.

परवा एका आजोबांनी मला विचारलं, "क्लॉथ मार्केट आणि शिवणकामाच्या कारखान्यांतून रोज पोत्यांनी चिंध्या निघतात. तुझ्या दहा हारांनी काय होणार? आभाळ फाटलंय, ठिगळ कुठे लावणार?" प्रश्न खरा आहे. दहा हारांनी चिंध्यांचा ढीग हलत नाही, आणि हलतो असं मी कुणाला सांगणारही नाही. पण माझ्याकडे शिकून गेलेली मुलगी उद्या एखाद्या कारखान्यात कापडावर आखणी करेल. तिला उसवण्याची सवय लागली असेल, तर मिश्र कापडाऐवजी एकाच जातीचं कापड सुचवेल. बटण चिकटवण्याऐवजी शिवायला लावेल. साडी, धोतर, उपरणं मागावरून उतरतात तीच नेसायला तयार. त्यांत कातरणच निघत नाही, हे तिच्या डोळ्यासमोर राहील. आजोबांना मी एवढंच म्हणाले. ते गप्प बसले. पटलं की नाही, माहीत नाही.

या शहरात हे बोलताना विष्णु चिंचाळकर गुरुजींची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंदूरचे चित्रकार, कलाशिक्षक देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी. वाळकं पान, मोडकी फांदी, भंगारातला तुकडा घेऊन त्यात ते चेहरा, पाखरू दाखवत. वस्तूला ते फारसा हात लावत नसत. पान शेवटपर्यंत पानच राहायचं. मी झग्यासाठी पाकिटांची पानं कापत होते तेव्हा मला हे आठवायला हवं होतं.

आता हा शेला. मधल्या पट्ट्या क्लॉथ मार्केटमधल्या सुती चिंध्यांच्या, कडेला जुन्या महेश्वरीचा बुगडी काठ. महेश्वरीचा हा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच देखणा, म्हणून शेला उलटा-सुलटा कसाही घेता येतो. प्रत्येक पट्टी एकाच सलग धावदोऱ्यानं जोडली आहे. दोरा मुद्दाम जाड आणि लाल घेतलाय, लपवलेला नाही. चिंध्या एकीकडे, काठ दुसरीकडे, दोरा रिळावर परत, असं सगळं वेगळं व्हायला हवं. पुढे या दोघी-तिघी. कात्री इथे आहे. प्रत्येक दोऱ्याच्या डाव्या टोकाला गाठ आहे, ती कापा आणि उजवीकडून ओढा. मी घड्याळ लावते. काल घरी मला चार मिनिटं लागली होती.