सिबिल फॉल्टी आणि आपल्या प्रुनेलाबाई

नमस्कार मंडळी! आज गप्पा प्रुनेला स्केल्स या ब्रिटिश अभिनेत्रीबद्दल. 'फॉल्टी टॉवर्स' ही एका हॉटेलात घडणारी विनोदी ब्रिटिश सिरीयल ज्यांनी बघितलीय त्यांना हॉटेलमालकाची बायको सिबिल लगेच आठवेल, फुगवलेले केस, फोन कानाला, 'ऊऽऽ आय नोऽऽ' चालूच, आणि मधेच एकदा 'बेझिल!' अशी हाक की तो उंचापुरा नवरा जागच्या जागी गार. एवढी गाजलेली सिरीयल, पण एपिसोड फक्त 12, सहा 1975 मध्ये आणि सहा 1979 मध्ये.

मला जास्त आवडतं ते हे की बाईंनी सिबिलला नुसती कजाग बायको करून सोडलं नाही. रोल घेताना त्यांना पहिला प्रश्न पडला तो असा की या दोघांनी मुळात लग्न का केलं असेल? मग त्यांनी ठरवलं की ही बेझिलपेक्षा साध्या घरातली, धंद्याची जाण असलेली, त्याच्या साहेबी ऐटीला भुललेली मुलगी, आणि बोलण्याची ढबही तशीच ठेवली. लग्नाच्या वाढदिवसाचा एपिसोड मिळाला तर बघाच, नवऱ्याला तारीख आठवतेय का याची ती वाट बघते तेव्हा चेहरा बघा, हसता हसता आपल्यालाच वाईट वाटतं.

जन्म 1932 चा, सरे परगण्यातला. वडिलांचं आडनाव इलिंगवर्थ, पण आई कॅथरिन स्केल्स अभिनेत्री होती आणि हिने तिचंच आडनाव लावलं. पुढे 'आफ्टर हेन्री' ही सिरीयल केली, ती आधी रेडिओवर गाजली आणि मग टीव्हीवर गेली, हे आम्हा रेडिओवाल्यांना सांगायला भारीच वाटतं! राणी एलिझाबेथचं कामही बीबीसीवर केलं आणि टेस्को या ब्रिटिश सुपरमार्केटच्या जाहिरातीतली कटकटी डॉटी पण त्याच.

नट टिमथी वेस्ट भेटले 1961 मध्ये, बीबीसीच्या एका नाटकात. संपामुळे काम बंद पडलं, मग दोघं शब्दकोडी सोडवत बसले आणि 1963 मध्ये लग्न. संसार 61 वर्षांचा, मुलगा सॅम्युअलही नट.

आणि मग प्रुनेलाबाईंचा तो आजार, व्हॅस्क्युलर डिमेन्शिया, म्हणजे मेंदूला रक्तपुरवठा नीट होत नाही आणि आठवणी निसटत जातात. आपल्याकडे अशा वेळी घरचे माणसाला पाहुण्यांसमोरसुद्धा आणत नाहीत हो, आणि हे दोघं 2014 पासून कॅमेरा घेऊन 'ग्रेट कॅनल जर्नीज' या टीव्ही कार्यक्रमासाठी लांबट, चिंचोळ्या बोटीतून कालवे फिरत होते, केरळच्या बॅकवॉटर्सपर्यंत आले! नाव विसरायला झालं तर टिम हळूच सांगणार, आजाराबद्दलही प्रेक्षकांशी सरळ बोलणार, लपवाछपवी नाही. मला हे धाडस फार मोठं वाटतं, कारण नटीची सगळी कमाईच पाठांतरावर, आणि तेच जाताना लोकांसमोर उभं राहायचं.

टिम नोव्हेंबर 2024 मध्ये गेले आणि प्रुनेलाबाई 27 ऑक्टोबर 2025 ला, लंडनच्या घरी, वय 93. मुलांनी कळवलं की आदल्या दिवशी त्या 'फॉल्टी टॉवर्स'च बघत होत्या.

कालव्यांचा तो कार्यक्रम बघणार असाल तर अधूनमधून नको, पहिल्या सीझनपासून ओळीने बघा, म्हणजे वर्षागणिक टिम एकेक गोष्ट न बोलता स्वतःकडे कशी घेत गेले ते नीट लक्षात येईल.