नंबर नको, मीटर सांगा
(श्टुटगार्ट परिसरातल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. ईस्टर जवळ आलं की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. इथले लोक म्हणतात, ओ ते ओ, म्हणजे ऑक्टोबर ते ऑस्टर्न, हिवाळी टायर. ते उतरवायची वेळ झाली की कुणीतरी विचारतं, "यंदा समर टायर कुठले घालू? टायरच्या टेस्टमध्ये पहिला कोण आलाय?" आणि विचारणाऱ्याकडे हल्ली साधी फोक्सवॅगन गोल्फ नसते. कुणी पोर्शेची जुनी ९११ घेतलेली असते, कुणी पोर्शेचीच केमन, कुणी बीएमडब्ल्यू एम-टू. मी उलट विचारतो, कुठल्या मापात, कुठल्या गाडीवर, कशासाठी? मग पलीकडून अंगठा येतो आणि संभाषण संपतं. आज तुम्ही समोर बसला आहात, त्यामुळे अंगठा दाखवून सुटका नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. समर टायर हा फक्त कोरड्या रस्त्यासाठी असतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. साधारण सात अंशांच्या वर तापमान असलं की ऊन असो वा पाऊस, काम त्याचंच. हिवाळी टायरचं रबर थंडीतही लवचीक राहावं असं बनवलेलं असतं. तेच रबर जुलैच्या पावसात जास्तच मऊ पडतं आणि गाडी उशिरा थांबते. पुण्यातला जुलैचा पाऊस घ्या, हवा चोवीस-पंचवीस अंश. समर टायरला याहून मानवणारं हवामान नाही.

आता मासिकं आणि ऑटोमोबाइल क्लब टायरची टेस्ट कशी घेतात ते जवळून बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग घ्या. ट्रॅकच्या एका पट्ट्यावर पाणी सोडलेलं असतं, पाण्याची जाडी ठरलेली असते. गाडी ताशी ८० किलोमीटरच्या थोडी वर आणायची, पट्ट्यावर आली की करकचून ब्रेक दाबायचा आणि बाकीचं एबीएसवर, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, सोडायचं. मोजमाप नेमक्या ८० पासून सुरू होतं. टायरच्या युरोपियन लेबलसाठीच्या चाचणीत तर ते २० वरच थांबवतात, कारण शेवटच्या त्या काही मीटरमध्ये एबीएसचं वागणं बेभरवशाचं असतं आणि टायरचा गुण त्यात झाकला जातो. हेच पुन्हा पुन्हा करायचं, भलतेच आकडे गाळायचे, सरासरी काढायची. मग चारही टायर बदलायचे आणि पुढचा ब्रँड.

एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! सकाळी नऊ वाजता डांबर बारा अंश असतं, अकरा वाजता वीस. पाणीही तापतं. आधीच्या गाड्यांचं रबर पट्ट्यावर चिकटत जातं. म्हणजे नऊ वाजता धावलेला टायर आणि अकरा वाजता धावलेला टायर एकाच रस्त्यावर धावलेलेच नसतात. यावर उपाय म्हणून एक संदर्भ टायर ठेवतात. सुरुवातीला तो धावतो, मध्ये काही संच झाले की पुन्हा तोच, शेवटी पुन्हा तोच. त्याचं अंतर किती सरकलं यावरून रस्ता किती बदलला ते कळतं आणि बाकीच्यांचे आकडे त्या हिशेबाने दुरुस्त केले जातात. टेस्टमध्ये संदर्भ टायरचा उल्लेखच नसेल, तर ती टेस्ट मी गोष्ट म्हणून वाचतो. कॉन्टिनेंटल या टायर कंपनीने हनोव्हरजवळच्या स्वतःच्या ट्रॅकवर, कॉन्टिड्रोमवर, २०१२ साली यासाठी छताखाली वेगळी सोयच उभारली. तिथे गाडी चालकाशिवाय धावते आणि ब्रेक मारते. ऊन नाही, वारा नाही, चालकाचा मूड नाही. एवढा खर्च का केला असेल, ते ट्रॅकवर एक सकाळ उभं राहिलं की समजतं.

म्हणून नंबर वाचू नका, मीटर वाचा. पहिल्या आणि चौथ्या टायरमध्ये अर्ध्या मीटरचा फरक असेल, तर दुसऱ्या दिवशी तो क्रम उलटाही होऊ शकतो. पण एक टायर ८० वरून २८ मीटरमध्ये थांबला आणि दुसऱ्याला ३३ लागले, तर गोष्ट वेगळी. लोक म्हणतात, पाचच मीटर ना! हिशेब करू या. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरी अजून धावते आहे. ब्रेकचा जोर सारखा धरला, तर २८ भागिले ३३ हे एकातून वजा करा, वर्गमूळ काढा, ८० ने गुणा. उत्तर येतं ताशी ३१ किलोमीटर. पहिल्या गाडीचा बंपर शाबूत आहे आणि दुसरी ३१ च्या वेगाने समोरच्या गाडीत घुसते आहे.

हे पाच मीटर येतात कुठून? रबर रस्त्याला दोन तऱ्हांनी धरतं. एक तर ते डांबराला अक्षरशः चिकटतं. दुसरं म्हणजे डांबरातल्या बारीक खड्यांवरून जाताना दबतं, फुलतं, पुन्हा दबतं आणि त्या घुसळणीत ऊर्जा गमावतं; ही गमावलेली ऊर्जा म्हणजेच पकड. पाण्याने चिकटणं जवळजवळ जातं, तेव्हा सगळी भिस्त घुसळणीवर. पण टायर नुसता गडगडत असतानाही ऊर्जा गमावत बसला, तर पेट्रोल जास्त लागतं. ब्रेक लावताना घुसळण फार जलद होते, गडगडताना सावकाश. जलद घुसळणीत जास्त गमवायचं आणि सावकाश घुसळणीत कमी, असं मिश्रण हवं. रबरात काजळीऐवजी सिलिका घालून हे बऱ्यापैकी साधतं. मिशेलिनने १९९२ मध्ये असा टायर बाजारात आणला आणि पुढे सगळे त्या वाटेने गेले. आज कुणाच्या टायरचं ओल्यातलं ब्रेकिंग सुधारलेलं दिसलं, तर त्यामागे बहुधा या रसायनाचीच मेहनत असते. नक्षी कितीही देखणी असो.

पाणी साचलेलं असेल तेव्हा मात्र नक्षीवाचून चालत नाही, आणि इथे स्पोर्ट्स कार अडचणीत येते. गणित करा. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे, गाडी ताशी १०० ने जाते आहे. २२५ मिलिमीटर रुंद टायरला दर सेकंदाला सुमारे १९ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. ९११ कॅरेरा एसचा मागचा टायर ३०५ रुंद. त्याला २५ लिटर. एका सेकंदात, एका चाकाखालून! शिवाय मधल्या पाण्याला कडेपर्यंत जायला जास्त लांबचा रस्ता. नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरवर काम करून एक ढोबळ सूत्र दिलं: टायरमधल्या हवेच्या दाबाचं, पीएसआयमध्ये, वर्गमूळ घ्या आणि नऊने गुणा, जो आकडा येईल तितक्या नॉट वेगाला टायर पाण्यावर तरंगू लागतो. ३६ पीएसआय धरलं तर ५४ नॉट, म्हणजे बरोबर ताशी १०० किलोमीटर. मोटारीला हे जसंच्या तसं लागू होत नाही, खोल खाचा असलेला नवा टायर त्याहून बराच तग धरतो. पण खाचा झिजल्या की तो या आकड्याकडे सरकतो, आणि दाब कमी झाला की आकडाच खाली येतो.

ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसिंग ट्रॅकवर पळवायला, जाणाऱ्यांनी इथे कान द्यावा. टायर दहा अंश तापला की दाब साधारण ०.१ बार, म्हणजे दीडेक पीएसआय, वाढतो. चार-पाच लॅप मारून टायर चाळीस अंश जास्त तापला, की जवळजवळ अर्धा बार चढतो. मग सगळे हवा सोडतात, आणि ते बरोबरच आहे. संध्याकाळी टायर थंड होतात, आउटोबानवर पाऊस लागतो आणि चाकांत १.८ बार, म्हणजे सुमारे २६ पीएसआय, असतात. हॉर्नच्या सूत्राने १०० चे ८५ झाले. हवा भरायचं छोटं मशीन डिकीत टाकायला विसरू नका.

टेस्टमध्ये ही गोष्ट दोन तऱ्हांनी तपासतात. सरळ रस्त्यावर गाडीची एका बाजूची चाकं पाण्याच्या चरातून चालवून ती कधी गरगरायला लागतात ते बघतात, आणि वळणावर पाणी ठेवून बाजूची पकड कुठे सुटते ते बघतात. दुसरा तक्ता आधी वाचा. सरळ रस्त्यावर चाक तरंगलं तर स्टिअरिंग धरून पाय उचलता येतो. वळणावर तेवढी सवड मिळत नाही.

कोरड्या रस्त्याबद्दल मी थोडक्यात आवरतो. आजचे वरच्या फळीतले सगळे टायर, मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ एस, कॉन्टिनेंटलचा स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोनचा पोटेन्झा स्पोर्ट, गुडइयरचा ईगल एफ-वन, पिरेलीचा पी झीरो, कोरड्यात इतके चांगले आहेत की सार्वजनिक रस्त्यावर तुम्हाला त्यांच्या पकडीची मर्यादा सापडू नये. सापडली तर लायसन्स जाईल.

त्यांच्या पुढची पायरी म्हणजे पायलट स्पोर्ट कप २ किंवा पी झीरो ट्रोफेओ आर यांच्यासारखे टायर. रस्त्यावर चालवायची परवानगी असलेले, पण मनाने ट्रॅकवरचे. कप २ ची बाहेरची कड बघा, जवळजवळ गुळगुळीत. तेवढं रबर रस्त्याला टेकतं म्हणून कोरड्या वळणात तो कुणाला हार जात नाही. आणि तेवढ्याच खाचा कमी म्हणून साचलेल्या पाण्यात त्याची फजिती होते. थंड असताना तर तो मख्खासारखा वागतो, तापला की जागा होतो. कंपन्या जाहिरातीत नॉर्डश्लाइफचे, म्हणजे न्यूरबर्गरिंगच्या लांबलचक ट्रॅकवरचे, विक्रम सांगतात. २०१७ मध्ये पोर्शे ९११ जीटी-टू आरएसने कप २ वर ६ मिनिटं ४७.३ सेकंदांचा लॅप दिला. २०२१ मध्ये त्याच २०.६ किलोमीटरच्या मापावर, कप २ ऐवजी कप २ आर घालून, वेळ आली ६ मिनिटं ३८.८. साडेआठ सेकंद कमी! टायर घेणारा म्हणतो, बघा टायरची करामत. पण मधल्या काळात त्या गाडीला मांथाई या रेसिंग कंपनीचं किट लागलं होतं. पंख वेगळे, सस्पेन्शन वेगळं. त्या साडेआठांतले किती सेकंद रबराचे आणि किती हवेचे, हे या दोन आकड्यांतून काढता येत नाही. तुलना करायची तर एकाच दिवशी, एकाच गाडीवर, एकट्या टायरची करावी लागते.

एकच गाडी म्हणताना आणखी एक मेख. गोल्फवर २२५/४० आर १८ मापात पहिला आलेला टायर ९११ वर पहिला येईल, असं धरून चालू नका. टायरवरचा भार वाढला की त्याची पकड त्या प्रमाणात वाढत नाही, थोडी मागेच राहते. ९११ चं इंजिन मागे, वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकांवर. गोल्फचं ओझं पुढे. शिवाय नाव एक असलं तरी आतला टायर एक असेलच असं नाही. पोर्शेसाठी बनवलेल्यावर एन आणि पुढे एक आकडा असतो, बीएमडब्ल्यूच्या टायरवर चांदणी, मर्सिडीजच्या टायरवर एमओ. ही नुसती शोभा नाही, मिश्रण आणि आतली बांधणी त्या गाडीसाठी बदललेली असते.

एकूण गुणांबद्दलही सांगायला हवं. बोर्डाच्या निकालात टक्केवारी बघून गणितात किती पडले ते कळत नाही, तसंच इथे आहे. जर्मन ऑटोमोबाइल क्लब एडीएसीने २०२३ पासून ७० टक्के वजन सुरक्षिततेला आणि ३० टक्के पर्यावरणाला द्यायला सुरुवात केली. टायर किती झिजतो, त्याचे कण किती उडतात, हेही आता निकालात शिरतं. मला ते पटतं. पण तुमची गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर चालत असेल, तर झिजेतला पहिला नंबर तुमच्या काय कामाचा? तुमचा टायर झिजण्याआधी म्हातारा होईल. एकूण गुण झाका आणि तुम्हाला लागतात त्या ओळी वाचा. युरोपियन लेबलवर तर याहून कमी असतं: इंधन, ओल्यातलं ब्रेकिंग, आवाज. पाण्यावर तरंगणं नाही, वळण नाही, कोरडं ब्रेकिंगसुद्धा नाही. आणि ती अक्षरं कंपनीनेच मोजून लावलेली असतात.

एक उलटी वाटणारी गोष्ट. टायर झिजतो तसं कोरड्या रस्त्यावर गाडी बऱ्याचदा लवकर थांबते, कारण रबराचे ठोकळे बुटके होतात आणि कमी लचकतात. त्यामुळे मालकाला वाटतं, टायर अजून फर्स्ट क्लास आहेत. पाऊस पडेपर्यंत. कायद्याने १.६ मिलिमीटर चालतात. रुंद टायरवर मी तीनच्या खाली गेलो की नवे घेतो.

आता ज्यांनी जुनी गाडी घेतली आहे किंवा घेणार आहेत, त्यांच्यासाठी. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. गॅरेजमध्ये जपलेल्या गाडीचे टायर दिसायला नवे असतात आणि रबर लाकूड झालेलं असतं. तसे असतील तर विकणाऱ्याकडून नव्या संचाचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. अशी गाडी हिवाळ्यात समर टायरवर उघड्यावर उभी होती का, हेही विचारा. कप २ सारख्या रबराला कडक थंडीत, टायर वाकला की तडे जाऊ शकतात, असं कंपन्याच बजावतात.

आणि दोनच टायर बदलायचे असतील, तर नवे मागे. मागची पकड आधी सुटली की गाडी गिरकी घेते, पुढची सुटली तर निदान सरळ जाते. ९११ वर प्रश्न बहुधा आपोआप सुटतो, मागचेच आधी संपतात आणि मापंही वेगळी असतात. फक्त पुढे ज्या एन आकड्याचे टायर आहेत, त्याच आकड्याचे मागे मागा. दुकानदार म्हणेल, मॉडेल तेच आहे, काही फरक पडत नाही. पोर्शे म्हणते, मिसळू नका. पैसे देण्याआधी खाली वाकून बाजूचं अक्षर स्वतः वाचा.