गेमिंग संगणक आणि नागपूरचा उन्हाळा

श्रोतेहो, नमस्कार.

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की अनेक घरांत गेमिंगसाठी नव्या संगणकाची मागणी सुरू होते. अमुक टक्के मिळाले तरच संगणक, असा सौदा मुलांशी करणे मला स्वतःला पसंत नाही, पण तो विषय आजचा नव्हे. तयार संगणक न आणता सुटे भाग निवडून तो असेंबल करून घेणे मात्र मला योग्य वाटते, कारण पुढे एखादा भाग बदलायची वेळ आली तरी बाकीचा संगणक कामी येतो. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, म्हणजे खेळातली दृश्ये पडद्यासाठी तयार करणारे कार्ड, यांची पूर्ण नावे लिहिलेली असतात. कॅबिनेट, म्हणजे सारे भाग बसवायची पेटी, आणि एसएमपीएस, म्हणजे त्या भागांना वीज पुरवणारा डबा, यांच्यापुढे मात्र पुष्कळदा नुसती रक्कम असते. आज मला बोलायचे आहे ते मुख्यतः या दोन ओळींविषयी.

आधी निवडीचा क्रम सांगतो. सुरुवात मॉनिटरपासून करावी, कारण १०८० पिक्सेलच्या साध्या पडद्यावर खेळायचे असेल, तर त्याहून मोठ्या पडद्यासाठी बनवलेले महागडे कार्ड घेऊन पैसे अडकवण्यात अर्थ नाही. पडद्यावरून कार्ड ठरते, कार्डाच्या तोलाचा प्रोसेसर ठरतो आणि प्रोसेसरवरून मदरबोर्ड व रॅम ठरतात. एएमडी या कंपनीच्या प्रोसेसरांसाठी असलेल्या एएम५ सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खोबणीच्या, मदरबोर्डावर डीडीआर५ रॅमच चालते. घरात जुनी डीडीआर४ रॅम पडून असली, तरी तिची खाच वेगळ्या जागी असल्याने ती त्यात बसतच नाही. सोळा जीबी रॅम घ्यायची असेल, तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातले दोन्ही चॅनल, म्हणजे माहितीच्या वाटा, वापरात येतात. पुन्हा सांगतो : आधी मॉनिटर, मग कार्ड, मग प्रोसेसर आणि त्याला जुळणारे मदरबोर्ड व रॅम.

आता कॅबिनेट. माझा भाचा नागपूरला राहतो. त्याने फेब्रुवारीत संगणक असेंबल करून घेतला आणि कॅबिनेट निवडले ते पुढून अखंड काचेचे, काचेमागे तीन रंगीत पंखे असलेले. फेब्रुवारी-मार्चमध्ये सारे उत्तम चालले. एप्रिल उजाडला आणि दुपारी खेळायला बसले की पाऊण तासात खेळ अडखळू लागे. तोच खेळ सकाळी सहा वाजता सुरळीत चाले. दुकानात विचारले, तेव्हा कार्ड कमी पडत असून त्याच्या वरचे कार्ड घ्यावे लागेल, असे उत्तर मिळाले. भावजींनी बँकेतून पैसे काढण्याची तयारीही केली होती.

त्यांच्या शेजारी कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक काका राहतात. संगणकातले आपल्याला काही कळत नाही, असे आधीच बजावून ते आले, कॅबिनेटभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “अरे बाबू, याच्या आत हवा जाऊन राहिली कुठून?” कोणालाच उत्तर देता येईना. तेव्हा त्यांनी माझ्या बहिणीकडून देवघरातली उदबत्ती मागून घेतली, ती पेटवून काचेसमोर धरली आणि भाच्याला खेळ सुरू करायला सांगितले. आत पंखे पूर्ण वेगाने फिरत होते, पण उदबत्तीचा धूर काचेवरून सरळ छताकडे जात होता. काचेच्या कडेला जेमतेम बोटभर फट होती आणि तिन्ही पंखे तेवढ्या फटीतून हवा ओढू पाहत होते. पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचे तापमान ८७ अंश दिसत होते. काकांनी बाजूचे झाकण काढून ठेवायला लावले आणि बहिणीच्या हातचा चहा घेत शांत बसले. चहा संपेपर्यंत आकडा ७४ वर आला आणि खेळ अडखळायचा थांबला. खोलीतला कूलरच उघड्या कॅबिनेटकडे वळवावा, अशी कल्पना भाच्याने काढली. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात, हे सांगून काकांनी ती तिथल्या तिथे मोडून काढली. पुढच्या आठवड्यात समोरून जाळी असलेले साधे कॅबिनेट आले, काचेचे अर्ध्या किमतीत विकले गेले आणि नव्या कार्डाचे पैसे बँकेतच राहिले.

यामागचे कारण सोपे आहे. संगणक जेवढी वीज घेतो, तिची जवळपास सगळी उष्णता होते आणि ती खोलीतल्याच हवेने बाहेर न्यावी लागते. त्यामुळे खोली पंचवीस अंशांऐवजी चाळीस अंशांवर असली की आतले भागही साधारण तितकेच अधिक तापतात आणि मर्यादेजवळ पोहोचताच स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांसाठी ही मर्यादा ९५ अंश आहे. वातानुकूलित खोलीत चित्रित केलेली परीक्षणे पाहून अकोल्यात किंवा चंद्रपुरात कॅबिनेट निवडू नये. समोर जाळी हवी. पुढचे पंखे हवा आत घेणारे आणि मागचा पंखा ती बाहेर टाकणारा हवा. रंगीत दिव्यांनी हवा खेळत नाही. त्यांचे पैसे पंख्यांवर घालावेत, असे माझे मत आहे आणि घरातल्या तरुण मंडळींना ते मान्य नाही.

एसएमपीएसचेही तेच आहे. एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक कार्ड ११५ वॅट घेते आणि कंपनी त्यासाठी एकूण ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. खोक्यावर लिहिलेले वॅट किती तापमानाला मोजलेले आहेत, हे मात्र जरूर वाचावे. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंशांचा आकडा देतात. ‘८० प्लस’ हे चिन्ह वीज किती वाया जाते एवढेच सांगते. बिघाड झाल्यास बाकीचे भाग वाचतील की नाही, हे त्यावरून कळत नाही. पुन्हा सांगतो : वॅट पाहावेत आणि त्यापुढचे तापमानही पाहावे.

बिल नको असेल तर जीएसटीचे अठरा टक्के सोडतो, असे कोणी म्हटल्यास त्याला नम्रपणे नकार द्यावा. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगवेगळ्या मुदतीची असते, म्हणून पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि मुदत संपेपर्यंत खोकी माळ्यावर जपून ठेवावीत. नमस्कार.